डकटेल्स: मुलांना जुनी लावून द्यावी की नवी?

नव्वदच्या दशकात रविवारी सकाळी दूरदर्शनसमोर बसणारी पिढी आता आईबाप झाली आहे. मुलांना डिस्नेची डकटेल्स ही कार्टून मालिका दाखवायची म्हटली की पहिलाच प्रश्न येतो, 1987ची की 2017ची? पात्रं तीच, डकबर्ग तेच, नाण्यांच्या राशीत सूर मारणारा धनाढ्य बदक स्क्रूज मॅकडकही तोच. पण दोन्ही मालिका बघायची रीत वेगळी आहे. ती ठाऊक नसेल तर नव्या मालिकेचा पार विचका होतो.

आधी रीतच बघू. जुनी मालिका सप्टेंबर 1987मध्ये अमेरिकेत सुरू झाली आणि 1990पर्यंत तिचे 100 भाग झाले. त्यातले 65 भाग पहिल्याच सीझनचे. आठवड्याचे पाच दिवस गुणिले तेरा आठवडे, असा तो हिशोब. हे भाग गावोगावच्या वाहिन्यांना विकले जायचे आणि प्रेक्षक मधले दोन-तीन दिवस चुकवणार हे गृहीत धरलेलं असायचं. त्यामुळे भाग संपला की सगळं पुन्हा जागच्या जागी. स्क्रूजचा वैमानिक लाँचपॅडने विमान आपटलं तरी पुढच्या वेळी ते उडायला तयार. मुलाला जेवताना, औषध घेताना, पाहुणे आले असताना कुठलाही भाग लावून द्या, 22 मिनिटांत गोष्ट पूर्ण होते. अपवाद पाच भागांच्या मोठ्या गोष्टींचा, उदाहरणार्थ सुरुवातीची 'ट्रेझर ऑफ द गोल्डन सन्स'. ती रोज एक भाग अशी दाखवावी.

नवी मालिका ऑगस्ट 2017 ते मार्च 2021 या काळात तीन सीझन चालली, आणि ती पहिल्यापासून शेवटपर्यंत एका कुटुंबाची गोष्ट आहे. जुन्या मालिकेत डोनाल्ड नौदलात भरती होतो आणि ह्युई, ड्युई, लुई या भाच्यांना स्क्रूजकडे सोडून जातो. मुलांची आई कुठे आहे, हे तिथे कुणी विचारतच नाही. नव्या मालिकेने नेमका तोच प्रश्न उचलला. पहिल्या जोडभागाच्या शेवटी ड्युईला एका जुन्या चित्रात स्क्रूज आणि डोनाल्डच्या बाजूला तिसरं कुणीतरी दिसतं, आणि त्याच्या तोंडून एकच शब्द निघतो: आई. तिथून पुढे या आईचं, म्हणजे डेला डकचं, काय झालं, हा धागा सबंध पहिल्या सीझनमधून जातो. मधलाच भाग लावला तर गंमत कळते, पण कोण कुणावर का रुसलं आहे ते कळत नाही, आणि सात-आठ वर्षांचं मूल दहा मिनिटांत उठून जातं. मालिका कंटाळवाणी नसते, चुकीच्या जागी सुरू केलेली असते.

मुलांची पात्रं हा नव्या मालिकेचा सर्वांत मोठा विजय. जुन्या मालिकेत ह्युई, ड्युई, लुई यांच्यात फरक फक्त रंगाचा: लाल, निळा, हिरवा. तिघांना आणि त्यांच्यासोबत राहणाऱ्या वेबी या मुलीलाही आवाज रस्सी टेलर या एकाच अभिनेत्रीने दिला होता. तिघं एकमेकांची वाक्यं पूर्ण करतात, त्यामुळे ऐकायला मजा येते, पण मुलाला 'मी ह्युई' असं म्हणायला काही कारण मिळत नाही. नव्या मालिकेत तीन वेगळे अभिनेते आहेत आणि तीन वेगळे स्वभाव. ह्युई प्रत्येक अडचणीत ज्युनिअर वुडचक या स्काउटसारख्या मुलांच्या संघटनेची मार्गदर्शिका उघडतो. ड्युईला सतत कुणीतरी आपल्याकडे बघायला हवं असतं. लुई अंगचोर, पण सौदा करायला सगळ्यांत हुशार. भावंडांच्या घरात ही भांडणं लगेच ओळखीची वाटतात.

वेबीचा बदल तर याहून मोठा. जुनी वेबी बाहुली कवटाळून मागे राहणारी धाकटी. नवी वेबी दोरावरून चढते, कुलपं उघडते आणि मॅकडक घराण्याचा इतिहास तिला तोंडपाठ असतो. तिची आजी मिसेस बीकलीही आता माजी गुप्तहेर आहे. घरात मुलगी असेल तर केवळ एवढ्यासाठी नवी मालिका निवडावी, इतका हा फरक मोलाचा आहे.

मग जुनी का बघावी? पहिलं कारण कार्ल बार्क्स. स्क्रूज हे पात्र त्याने 1947मध्ये कॉमिकसाठी निर्माण केलं आणि जुन्या मालिकेने त्याच्या कित्येक गोष्टी जवळजवळ तशाच उचलल्या. ट्राला लाची गोष्ट घ्या, मूळ कॉमिक 1954चं. पैशाच्या कटकटीला विटलेला स्क्रूज अशा दरीत जातो जिथे पैसा म्हणजे काय हेच कुणाला माहीत नाही. त्याच्या औषधाच्या बाटलीचं झाकण तिथल्या एकाच्या हाती लागतं. तसलं दुसरं कुणाकडेच नाही, म्हणून प्रत्येकाला ते हवंसं वाटतं, आणि बघता बघता झाकण हेच चलन होऊन बसतं. मग विमानातून झाकणांचा पाऊस पडतो आणि कालपर्यंत मौल्यवान असलेल्या त्या वस्तूखाली शेतं गाडली जातात. चलनवाढ म्हणजे काय, हे दहा वर्षांच्या मुलाला इतक्या सोप्या रीतीने क्वचितच कुणी समजावलं असेल.

दुसरं कारण चित्रं. पहिल्या सीझनचं बरंचसं अॅनिमेशन जपानच्या टीएमएस या स्टुडिओने हाताने काढलेलं आहे. पाणी, धूर, कोसळणारे दगड यांना वजन आहे. नव्या मालिकेची चित्रं सपाट, जाड रेघांची, जुन्या छपाईच्या कॉमिकसारखी, आणि स्क्रूजचा कोट निळ्याऐवजी लाल. ती शैली सुंदर आहे, पण डोळ्यांना जुनीच जास्त गुंतवते.

वेगाचंही बघायला हवं. जुन्या मालिकेत गंमत हालचालीतून येते, संवाद सावकाश असतात. नवीत तीन माणसं एकावर एक बोलतात आणि विनोद शब्दांवर उभा असतो. मराठी माध्यमातलं मूल इंग्रजी आवाजात बघणार असेल तर जुनीतलं बरंच त्याला नुसतं बघून कळेल. नवीसाठी निदान सुरुवातीला कुणीतरी मोठं शेजारी हवं. डोनाल्डचं बोलणं मात्र दोन्हींत तितकंच अगम्य. ते कुणालाच कळत नाही यावर नव्या मालिकेने विनोद रचले आहेत, म्हणून मूल 'हा काय म्हणाला' असं विचारू लागलं तर थांबवून समजावायची गरज नाही.

जुन्या मालिकेत एक खोट आहे आणि ती लपवू नये. परदेशी लोक बऱ्याचदा साचेबंद दाखवलेत: भोळे आदिवासी, पगडीवाले लबाड. मुलासोबत बसून त्यावर दोन शब्द बोलावेत.

थोडक्यात, सात वर्षांखालच्या मुलाला जुनी, आठच्या पुढच्याला नवी, आणि तीही क्रमाने. वेळेचा अंदाज हवा असेल तर जुनीचे सगळे भाग मिळून साधारण 36 तास होतात, नवीचे 25च्या आसपास. जुनी लावताना टीव्हीचं चित्र 4:3वर ठेवा, नाहीतर रुंद पडद्यावर ताणून सगळी बदकं बुटकी दिसतात. नवी लावताना आपोआप सुरू होणारा भाग कुठला आहे ते तपासा, आणि पहिल्या सीझनचा 'द लास्ट क्रॅश ऑफ द सनचेझर' कधी येतो याकडे लक्ष असू द्या. विमान बर्फाच्या सुळक्यावर डुगडुगत असतं, कुणी जरा हललं तरी एका बाजूला कलतं, आणि त्याच अवस्थेत डेलाचं सत्य बाहेर येतं. मुलं स्क्रूजवर चिडतात आणि भाग तिथेच तुटल्या मनाने संपतो. हळवं मूल असेल तर तो झोपायच्या आधी लावू नका, आणि पुढचा मोठा भाग 'द शॅडो वॉर' त्याच दिवशी दाखवायला हाताशी तासभर ठेवा.