होम्स आधी की प्वारो?

घोडबंदर रोडला राहणाऱ्या भाचीचा फोन आला, "मामा, डिटेक्टिव्ह वाचायला सुरुवात कोणापासून करू?" वाचणार ठाणे ते सीएसएमटी लोकलमध्ये.

वेळ बघितला तर कॉनन डॉयलच्या शेरलॉक होम्सच्या ५६ लघुकथा, कादंबऱ्या चारच. ठाण्याला उघडलेली कथा दादरच्या आसपास संपते. अगाथा ख्रिस्तीच्या डिटेक्टिव्ह हर्क्यूल प्वारोच्या कादंबऱ्या ३३. मध्ये दोन दिवस खंड पडला, की कोण कोणाचा पुतण्या हेच विसरायला होतं.

खरा फरक कोड्यात. होम्स बुटावरचा चिखल बघून माणूस ओळखतो, पण तो चिखल आपल्याला बरेचदा मागाहून कळतो. गोष्ट सांगणाऱ्या त्याच्या मित्रासोबत, वॉटसनसोबत थक्क व्हायचं, बस. ख्रिस्तीबाई सगळे धागे गप्पांच्या ओघात समोर टाकतात आणि तरी आपण फसतो. (माझा संशय दरवेळी डॉक्टरवर!)

पुन्हा वाचायला मात्र होम्सच. गुन्हेगार ठाऊक असला तरी होम्स राहतो ती लंडनची बेकर स्ट्रीट हवीशी वाटते. २०१०च्या ठाण्याच्या साहित्य संमेलनात परिसंवाद सोडून मी त्याचेच अनुवाद शोधत फिरलो होतो.

खर्च? १८९३ सालचं मराठी ग्रंथ संग्रहालय ठाण्यातच आहे, आधी तिथे चौकशी कर.

रोज तुकड्यातुकड्याने वाचणार असशील तर होम्स. रविवारची दुपार मोकळी असेल आणि लेखिकेशी डोकं लढवायचं असेल, तर प्वारो.