लाइट गेली तरी नेट चालू ठेवायचं आहे: मिनी यूपीएस, कम्प्युटरचा यूपीएस की इन्व्हर्टर?

काहीही विकत घेण्याआधी राउटरच्या मागे वाकून केबल बघा. हिरव्या किंवा निळ्या टोकाची बारीक वायर लागलेली असेल, तर फायबर थेट घरात आलं आहे. वाटेतल्या स्प्लिटरला (एक फायबर अनेक घरांत वाटणारा भाग) वीज लागत नाही. त्यामुळे ऑपरेटरच्या मुख्य केंद्रात बॅकअप आहे तोवर घरातला डबा (राउटर, आणि फायबरचा डबा वेगळा असेल तर तोही) चालू ठेवला की नेट चालतं. पण जिन्यातल्या पेटीतून साधी लॅन केबल आली असेल, तर त्या पेटीतल्या स्विचलाही वीज लागते. तिथे बॅकअप नसेल तर घरात काहीही बसवा, वायफाय दिसेल पण नेट येणार नाही. ऑपरेटरला हे आधी विचारा.

अडॅप्टरवर १२ व्होल्ट, १.५ अँपिअर असं लिहिलेलं असलं तरी साधा राउटर प्रत्यक्षात ६ ते १० वॅटच घेतो. पुढचा हिशेब ८ वॅट धरून केला आहे.

मिनी यूपीएस साधारण हजार ते दोन हजार रुपयांत मिळतो. त्यात लिथियमचे सेल असतात आणि तो राउटरला थेट १२ व्होल्ट डीसी देतो. लाइट जाते तेव्हा राउटर बंद पडत नाही, चालू व्हिडिओ कॉलही तुटत नाही. खोक्यावरच्या ८००० एमएएचला मात्र भुलू नका. तो आकडा ३.७ व्होल्टच्या सेलचा असतो. म्हणजे ऊर्जा सुमारे ३० वॅट-तास, त्यातली राउटरपर्यंत पोचते २५ च्या आसपास. तीन तास धरा.

याच्यात एक गोम आहे. बरेच मिनी यूपीएस राउटरच्याच अडॅप्टरवर चालतात. लाइट आली की तोच अडॅप्टर रिकामी बॅटरीही चार्ज करतो आणि राउटरही चालवतो. अडॅप्टर १ अँपिअरचा असेल तर व्होल्टेज खाली बसतं आणि लाइट आल्यावर राउटर सारखा रिस्टार्ट होत राहतो. लोक राउटरला दोष देतात, पण दोष अडॅप्टरचा असतो. १२ व्होल्ट, ३ अँपिअरचा चांगला अडॅप्टर लावला की प्रश्न मिटतो. घेताना राउटरच्या पिनची जाडी आणि '+' आतल्या टोकाला आहे ना, हेही जुळवून घ्या.

कम्प्युटरचा ६०० व्हीएचा यूपीएस फक्त राउटरसाठी घेऊ नका. त्यातली १२ व्होल्ट, ७ एएचची बॅटरी कागदावर ८४ वॅट-तासांची, म्हणजे मिनी यूपीएसच्या जवळपास तिप्पट. पण बॅटरीच्या डीसीचं २३० व्होल्ट एसी करायचं आणि अडॅप्टरने त्याचं पुन्हा डीसी करायचं, या उलटापालटीत यूपीएस स्वतःच राउटरपेक्षा जास्त वीज खाऊ शकतो. त्यामुळे एवढी बॅटरी असूनही नवा असताना दोनेक तास मिळतात. दोन-तीन वर्षांत बॅटरी बदलावी लागते आणि रात्रभर बीप ऐकावी लागते ती वेगळीच. डेस्कटॉपसाठी तो घरात आधीच असेल, तर राउटर त्यावर जरूर लावा.

घरात १५० एएचच्या बॅटरीचा इन्व्हर्टर असेल तर वेळेची चिंताच नाही, राउटरचा लोड त्याच्या गणतीतही नसतो. पण वायरमनने बहुधा दिवे-पंखेच इन्व्हर्टरच्या लाइनवर घेतलेले असतात. राउटरचा सॉकेट त्या लाइनवर आहे का, ते मेन बंद करून तपासा. शिवाय इन्व्हर्टर 'इको' मोडवर असेल तर बॅटरीवर जाताना क्षणभर खंड पडतो आणि राउटर रिस्टार्ट होऊन दोन-तीन मिनिटं जातात. 'यूपीएस' मोडवर हा खंड फार कमी असतो. मात्र गावाकडे व्होल्टेज १८० च्या खाली उतरतं तेव्हा त्या मोडमध्ये इन्व्हर्टर लाइट असूनही बॅटरीवर पळतो, म्हणून लोक इकोच ठेवतात. तिथे इन्व्हर्टरच्या सॉकेटवर मिनी यूपीएस लावणं सगळ्यात उत्तम. मिनी यूपीएस तो खंड भरून काढतो, इन्व्हर्टर तासन्‌तास पुरवठा करतो.

पुण्यातल्या गुरुवारच्या देखभालीसारखा काही तासांचा खंड असेल तर मिनी यूपीएस पुरतो. काम लांबलं तर मोबाइलचा हॉटस्पॉट. कोकणात पावसाळ्यात दिवस-दिवस लाइट नसते, तिथे इन्व्हर्टरच हवा.

आता संरक्षणाचं. उपकरणं जळतात ती बहुधा लाइट परत येताना किंवा न्यूट्रल तुटल्यावर. न्यूट्रल तुटला की एका फेजच्या घरात २३० ऐवजी ४०० व्होल्टपर्यंत दाब येऊ शकतो. सर्ज प्रोटेक्टरची पट्टी क्षणिक उसळी झेलते, पण असा टिकून राहिलेला दाब तिलाच जाळतो. त्यासाठी वेगळा व्होल्टेज प्रोटेक्टर लागतो, जो साधारण २७० व्होल्टला पुरवठा तोडतो आणि दाब स्थिर झाल्यावर काही वेळाने जोडतो. तुमच्या भागात डीपीवर सतत बिघाड होत असेल तर बॅकअपच्याही आधी तो घ्या.

वळवाच्या विजांपुढे यातलं काहीच पुरेसं नाही. अडॅप्टर काढाच, पण गच्चीवरून उतरणारी तांब्याची लॅन केबलही राउटरमधून काढा. खांबावरून येणाऱ्या फायबर केबललाही बहुधा ताण पेलणारी पोलादी तार असते. ती घराबाहेरच्या हुकालाच संपलेली असावी, आत आलेली नसावी.

बॅकअप नसेल तर लाइट आल्यावर पाच मिनिटं थांबा. आधी फायबरचा डबा चालू करा, 'पॉन'चा (PON) दिवा स्थिर झाला की राउटर, मग बाकीचं. 'लॉस'चा (LOS) लाल दिवा लुकलुकत असेल तर फायबरमधून सिग्नलच येत नाही. घरात काही करू नका, ऑपरेटरला कळवा. एकही दिवा लागत नसेल तर मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवून अडॅप्टरची पिन मोजा. शून्य आलं तर अडॅप्टर गेला. १२ दाखवूनही राउटर सारखा बंद-चालू होत असेल तरी संशय अडॅप्टरवरच, कारण कमजोर अडॅप्टर लोड आला की ढेपाळतो. नवा घेताना व्होल्ट तेवढेच, अँपिअर तेवढे किंवा जास्त.

रिसेटच्या भोकात टाचणी मात्र घालू नका. त्याने ऑपरेटरने भरलेलं युजरनेम-पासवर्ड पुसलं जातं आणि चालू होऊ शकणारं नेटही त्याचा माणूस येईपर्यंत बंद पडतं.