लगेच पेट स्कॅन करायचं की सहा आठवड्यांनी परत सीटी?

आईचं डाव्या ब्रेस्टचं रेडिएशन संपून दोन महिने झाले आणि सीटीच्या रिपोर्टात डाव्या फुफ्फुसात ‘ग्राउंड ग्लास’ म्हणजे धुरकट पॅच, उजवीकडे ५ मिमीचा नोड्यूल म्हणजे बारीक गाठ. रिपोर्ट बहिणीला व्हॉट्सॲप केला, त्या रात्री कोणी धड जेवलं नाही. डॉक्टर म्हणाल्या, लगेच पेट करा (शुगरसारखं किरणोत्सारी औषध टोचतात, ते जिथे जास्त खेचलं जातं ती जागा स्कॅनमध्ये चमकते) किंवा थांबून परत सीटी करा, दोन्ही चालेल.

आम्ही घाबरून पेटच ठरवलं. त्यात वाईट काही नाही, हाडं किंवा लिव्हरची पण शंका असती तर मी आजही आधी पेटच केलं असतं, एकदाच सगळं बघून होतं. पण पेटमध्ये न्यूमोनिया चमकतो, टीबी चमकते, रेडिएशनची सूजही चमकते, आणि ८ मिमीपेक्षा लहान नोड्यूल कॅन्सरचा असला तरी बरेचदा चमकतच नाही. म्हणजे डावा पॅच कशाचा आणि उजवा नोड्यूल कॅन्सरचा का, या आमच्या दोन्ही प्रश्नांना उत्तर तसं अर्धवटच मिळणार होतं.

आणि मुख्य म्हणजे ती शुगर! खोकल्यासाठी स्टेरॉइड चालू, त्यात आई डायबेटिक. रात्रीपासून उपाशी, पहाटेच्या लोकलने डोंबिवलीहून दादरला उतरलो, तिथे बोटाला सुई टोचली तर २३८. रक्तात शुगर जास्त असली की स्कॅन नीट येत नाही, २०० च्या वर पेटचं इंजेक्शन देत नाही म्हणाले. ते किरणोत्सारी औषध दोन तासांच्या आतच निम्मं होतं, त्यामुळे दुपारपर्यंत थांबतो म्हणून उपयोग नाही, स्लॉट गेला. आई स्टेशनवर इडली खाताना म्हणाली, मला परत नको नेऊस. झालं, तिथेच ठरलं.

मग सहा आठवड्यांनी साधा सीटी, कॉन्ट्रास्टशिवाय, उपास नाही, काही सेकंद श्वास रोखायचा की झालं. पेटमधला सीटी बहुतेक श्वास चालू असतानाच काढतात, बारीक ठिपके त्यात पुसट होतात असं तिथेच कळलं. एक मात्र करा, सेंटर तेच ठेवा आणि जुनी सीडी न्या, नुसता रिपोर्ट नको. रेडिओलॉजिस्टने दोन्ही शेजारी लावून दाखवलं, डावा पॅच निम्म्यावर आलेला आणि त्याची कड पट्टीने आखल्यासारखी सरळ, बरोबर रेडिएशन दिलं तिथेच. नोड्यूल तेवढाच, ५ मिमी. तो आता तीन महिन्यांनी परत बघायचाय.

तुमची केस वेगळी असेल, डॉक्टरांचं ऐका. आणि ताप आला किंवा दम लागायला लागला तर हे सहा आठवडे वगैरे विसरा, त्याच दिवशी फोन करा, विशेषतः केमो किंवा इम्युनोथेरपी चालू असेल तर.