अंगणाचं काम बिघडलं: त्याच ठेकेदाराकडून दुरुस्ती, दुसरा मिस्त्री की ग्राहक आयोग?

घरासमोर गट्टू (पेव्हर ब्लॉक) बसवले, कडेनं झाडं लावली, मधे लॉन केलं. मिरगाचा जोराचा पाऊस झाला आणि गट्टू कुठे दबले, कुठे उचलले गेले. पाणी नालीकडे जायचं सोडून जोत्याशी तुंबलं. ठेकेदार तालुक्याला बसून "येतो दोन दिवसांत" म्हणतो. आता त्याच्याकडूनच दुरुस्ती करून घ्यायची, दुसरा माणूस लावायचा की तक्रार करायची? हे रागाच्या भरात ठरवू नका. दोष जमिनीच्या वर आहे की खाली, आणि ठरलेल्या रकमेपैकी किती अजून तुमच्याकडे आहे, या दोन गोष्टींवर ठरवा.

आधी उकरून पाहा

दबलेल्या जागेच्या कडेचा एक गट्टू सब्बलीनं उचला. खाली चुरीचा (दगडाच्या बारीक भुकटीचा) इंच-दीड इंच थर आणि त्याखाली घट्ट दाबलेला मुरूम दिसला पाहिजे. काळ्या जमिनीत हा मुरूम निदान सहा इंच हवा, गाडी आत येत असेल तर त्याहून जास्त. चुरीखाली थेट काळी माती लागली, तर रोग तिथेच आहे. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून तिच्यावर नुसत्या चुरीत बसवलेला गट्टू जानेवारीत सपाट दिसतो आणि जुलैत हलतो. एकाच जागी पाहून थांबू नका. फाटकाजवळ मुरूम टाकलेला आणि घराच्या मागे काहीच नाही, असंही सापडतं. गट्टूची जाडीही टेपनं मोजा: पायी वावराला 60 मिमी चालतो, ट्रॅक्टर किंवा मालवाहू गाडी येत असेल तर 80 मिमी लागतो.

मग गवंड्याची लेव्हल पाईप लावून उतार तपासा. जोत्यापासून बाहेरच्या बाजूला दर दहा फुटांना किमान दोन इंच उतार हवा. झाडं वाळली असतील तर खोडावर नखानं ओरखडा काढा. साल आतून हिरवी असेल तर झाड जिवंत आहे. मेलेलं झाड उपटा. मुळांना प्लास्टिकची पिशवी तशीच असेल तर चूक लावणाऱ्याची.

लॉनच्या बाबतीत मात्र ठेकेदारावर अन्याय होऊ देऊ नका. अकोला, अमरावती, बुलडाणा जिल्ह्यांच्या खारपाणपट्ट्यात बोअरच्या पाण्यावर साधं लॉन तग धरत नाही. पाणी तपासून घ्या. ईसी (पाण्यातल्या क्षारांचं माप) 3 dS/m च्या वर आली तर दोष पाण्यात आहे. शिवाय मे महिन्यात चौरस मीटरला रोज सहा-सात लिटर पाणी लागतं, म्हणजे 500 चौरस फुटांच्या लॉनला तीनशे लिटरच्या आसपास. तेवढं दिलं नसेल तर ठेकेदाराला बोल लावता येणार नाही.

तोच ठेकेदार की दुसरा मिस्त्री

दोष वरवरचा असेल, म्हणजे मेलेली झाडं, चोंदलेले ड्रिपर, काही फुटके गट्टू, तर जुनाच ठेकेदार परवडतो. त्याच साच्याचा आणि रंगाचा गट्टू त्याला मिळतो, नर्सरीवाला त्याच्या ओळखीचा असतो आणि शेवटच्या हप्त्यासाठी तो येतो. ड्रिपर पुन्हापुन्हा चोंदत असतील तर टाकीनंतर जाळीचा फिल्टर बसवलाय का ते पाहा. पुष्कळदा तोच बसवायचा सोडलेला असतो.

मुरूमच घातलेला नसेल तर गणित उलटं होतं. खालचं काम ज्यानं एकदा चुकवलं, तो दुरुस्तीच्या नावाखाली दबलेले गट्टू उचलून चुरी भरतो आणि निघून जातो. पुढच्या पावसात तीच जागा पुन्हा बसते. त्याला संधी द्यायचीच असेल तर लेखी द्या आणि काम नेमकं लिहा: सगळे गट्टू उचलणं, काळी माती काढणं, मुरूम तीन-तीन इंचांच्या थरात पाणी मारून कॉम्पॅक्टरनं दाबणं, चुरी, उतार. 500 चौरस फुटांवर सहा इंच दाबलेला मुरूम म्हणजे 250 घनफूट. सुटा मुरूम दाबल्यावर बसतो, म्हणून तीन ब्रासच्या (एक ब्रास म्हणजे 100 घनफूट) वर आणावा लागतो. ट्रॉल्या रिकाम्या होताना स्वतः उभे राहून मोजा. एकच ट्रॉली आली तर काय होणार ते त्याच दिवशी कळतं.

दुसऱ्याला काम द्यायचं तर जुने गट्टू बहुतेक पुन्हा वापरता येतात. नवा खर्च मुरूम, मजुरी आणि फुटलेल्या गट्टूंचा. तेवढी रक्कम तुमच्याकडे शिल्लक असेल तर हीच वाट सरळ आहे. फक्त घाई नडते. नव्या मिस्त्रीनं हात लावला की जुना म्हणतो, "माझं काम चांगलं होतं, यांनी उचकटलं." म्हणून काम सुरू करण्याआधी टेप ठेवून फोटो काढा, दोन शेजाऱ्यांच्या सह्यांचा पंचनामा करा आणि जमल्यास तालुक्याच्या एखाद्या इंजिनिअरकडून लेखी अहवाल घ्या. ठेकेदाराला दोषांची यादी आणि पंधरा दिवसांची मुदत देणारी नोटीस स्पीड पोस्टानं पाठवा, पोचपावती जपून ठेवा.

पैसे सगळे देऊन झाले असतील तर

मग आयोगाचा विचार करा. ग्राहक संरक्षण कायदा 2019 प्रमाणे निकृष्ट काम ही सेवेतील त्रुटी ठरते. तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते, ठेकेदार दुसऱ्या जिल्ह्यातला असला तरी. दिलेला मोबदला 5 लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही, वकीलही सक्तीचा नाही, अर्ज ई-जागृती पोर्टलवर भरता येतो. तक्रार करायची मुदत दोन वर्षांची. कायद्यात निकालाला तीन महिने धरले आहेत, प्रत्यक्षात तारखा लांबतात. तोवर अंगण तसंच ठेवावं लागेल असं समजू नका, पुरावे पक्के करून काम उरकून घ्या आणि तो खर्च भरपाईत मागा. रोख दिलेले पैसे आणि तोंडी ठरलेलं काम इथे अडतं, त्यामुळे यूपीआयच्या नोंदी आणि व्हॉट्सअॅपवरचे संदेश पुसू नका. मंगल कार्यालयाच्या लॉनचं काम असेल तर व्यापारी वापर म्हणून तक्रार अडकू शकते.

अर्ज करण्याआधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. ठेकेदार गावचाच किंवा शेजारच्या गावचा असेल तर तंटामुक्त गाव समितीपुढे बसून लेखी तडजोड लवकर होते. वसुलीची ताकद समितीकडे नाही, पण चार माणसांत दिलेला शब्द सहसा मोडत नाही. पोलिसांत धावून फारसा उपयोग नाही, निकृष्ट काम हा बहुतेक दिवाणी वाद म्हणूनच पाहिला जातो.

वेळही पाहा. ओल्या काळ्या जमिनीत मुरूम नीट दबत नाही, म्हणून गट्टूंचं काम दिवाळीनंतर घ्या. मेलेल्या झाडांच्या जागी नवी मात्र जुलै-ऑगस्टमध्येच लावून घ्या. नोटीस आजच पाठवा. आणि नव्या कामाचा करार करताना दहा-पंधरा टक्के रक्कम एक पावसाळा जाईपर्यंत मागे ठेवायचं आधीच लिहून घ्या.