एक्सप्लोरर की टोटल कमांडर? दोन्ही वापरून झालं, आता सांगतो

विंडोजवर कोड लिहिणाऱ्याला फाइली बघायला-हलवायला विंडोजसोबत येणारा एक्सप्लोरर पुरतो का, तर बरेच दिवस पुरतो. विंडोज ११ मध्ये २०२२ साली टॅब आले तेव्हा मला वाटलं चला आता वेगळं काही टाकायची गरज नाही, पण टॅब म्हणजे दोन पॅन, म्हणजे एकाच खिडकीत शेजारी-शेजारी दोन भाग, नव्हेत हो, एका फोल्डरमधून दुसऱ्यात फाइली हलवायच्या तर दोन्ही एकदम समोर दिसायला पाहिजेत ना.

म्हणून टोटल कमांडर, फाइली हाताळायचं दोन पॅनचं सॉफ्टवेअर. स्विस माणसाने, क्रिस्टियान गिसलरने, १९९३ पासून चालवलेलं, आधी नाव विंडोज कमांडर होतं. दिसायला अगदी जुनाट, पहिल्यांदा उघडलं की सरकारी ऑफिसातला कॉम्प्युटर आठवतो. पण एफ५ ने कॉपी, एफ६ ने मूव्ह, आठवड्याभरात माऊसकडे हात जायचाच बंद होतो. कंट्रोल एम दाबून शेकडो फाइलींची नावं एका झटक्यात बदला, दोन फोल्डरांमध्ये फरक काय तो बघा, झिप फाइल साध्या फोल्डरसारखी उघडा, सर्व्हरवर एफटीपीने (नेटवर्कवरून फाइली पाठवायची-आणायची पद्धत) जा, सगळं आतच. बिल्ड (कोडपासून प्रोग्राम तयार करणं) कुठं बिघडला शोधताना फोल्डर तुलना मला सगळ्यात जास्त कामी आली.

एफ८ म्हणजे डिलीट, हे मात्र लक्षात ठेवा. मी डावं-उजवं पॅन गोंधळून भलताच फोल्डर उडवला, चूक माझीच, रिसायकल बिनने वाचवलं.

शेअरवेअर आहे, म्हणजे आधी वापरून बघा, मग पैसे भरा; लायसन्स घेईपर्यंत सुरू करताना एक-दोन-तीनपैकी आकडा दाबायला लावतं. फुकटच हवं तर डबल कमांडर बघा, लिनक्सवरही चालतं. नुसतं व्हीएस कोड या कोड एडिटरमध्येच बसणाऱ्याने कशाला एवढा खटाटोप करावा, त्याला एक्सप्लोरर बास.