आपल्या राखेच्या कोळशाला कुठला गॅसिफायर, आणि त्यातून बनवायचं काय?

माझा भाचा केमिकल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावतीला कोल गॅसिफिकेशनचे, म्हणजे कोळसा पूर्ण न जाळता वाफ आणि ऑक्सिजननं त्याचा गॅस (मुख्यतः कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन) करण्याचे, प्रकल्प येणार असं ऐकल्यापासून त्यानं प्रोजेक्टही त्यातलाच घेतलाय आणि रोज रात्री फोन असतो, मामा गॅसिफायर (हा गॅस करणारं यंत्र) कुठला पकडू, नोकरी बघायची तर खताच्या प्लांटमध्ये बघू की स्टीलच्या. चंद्रपूर, वणी, बल्लारशाकडची बरीच पोरं हेच विचारतायत, म्हणून एकदाच नीट लिहून टाकतो. मी वीसेक वर्षं गॅसिफायरच्या आसपास काढली आहेत, त्यामुळे माझी मतं पक्की आहेत, पटलं नाही तरी हरकत नाही पण कारणं तेवढी बघा.

सरकारचं धोरण थोडक्यात असं. २०३० पर्यंत वर्षाला १० कोटी टन कोळशाचं गॅसिफिकेशन करायचं हे उद्दिष्ट आहे, आणि जानेवारी २०२४ मध्ये केंद्रानं त्यासाठी ८,५०० कोटींची योजना मंजूर केली. त्यातले ४,०५० कोटी सरकारी कंपन्यांना, ३,८५० कोटी खाजगी आणि सरकारी दोघांना मिळून, आणि ६०० कोटी छोट्या किंवा प्रात्यक्षिक प्लांटसाठी. या शेवटच्या गटात भांडवली खर्चाच्या १५ टक्के किंवा १०० कोटी, यातलं जे कमी असेल ते मिळतं. नवीन काही करून बघायचं असेल तर याच गटाकडं लक्ष ठेवा. एवढी धडपड कशासाठी तर आपण वापरतो त्या नैसर्गिक वायूतला निम्म्याच्या आसपास बाहेरून येतो, मिथेनॉल बहुतेक सगळं बाहेरून येतं, स्टीलला लागणारा कोकिंग कोळसाही बहुतेक बाहेरून येतो, आणि घरचा कोळसा मात्र भरपूर.

भरपूर आहे पण राखेचा आहे, आणि निवड इथंच ठरते. आपल्या कोळशात ३५ ते ४५ टक्के राख सहज निघते. म्हणजे हजार किलो आत टाकला की चारशे किलो माती तापवायची, फिरवायची आणि परत बाहेर काढायची. वर ही राख सिलिका आणि ॲल्युमिनाची, लवकर वितळत नाही. राख किती तापमानाला वितळते ते बघायला लॅबमध्ये राखेचे बोटाच्या पेराएवढे कोन करतात, भट्टीत ठेवतात आणि काचेतून बघत बसतात. आधी टोक गोल होतं, मग कोनाचा अर्धा गोळा होतो, मग तो ताटलीवर पसरतो. एकदा आमच्याकडं इंडोनेशियाच्या कोळशाचा आणि वर्धा खोऱ्यातल्या कोळशाचा कोन शेजारी शेजारी ठेवला होता, इंडोनेशियाचा बाराशे डिग्रीच्या आसपास वाकून गेला आणि आपला चौदाशे झाले तरी तसाच टोकदार उभा. ते दृश्य ज्यानं बघितलं त्याला पुढचं सगळं समजावून सांगायची गरज पडत नाही.

आता गॅसिफायर तीन. पहिला एंट्रेन्ड फ्लो. यात कोळसा पिठासारखा दळून ऑक्सिजनबरोबर आत फेकतात, तापमान चौदाशे ते सोळाशे, राख वितळून काचेसारखी खाली वाहते. गॅस एकदम स्वच्छ, टार (डांबरासारखा चिकट पदार्थ) नाही, मिथेन जवळजवळ नाही, अमोनिया किंवा मिथेनॉल करायला याच्याइतका सोपा गॅस दुसरा नाही. पण यात राख वितळायलाच हवी, आणि आपली राख वितळवायची म्हणजे चुनखडी घाला, जास्त ऑक्सिजन घाला, आणि तो ऑक्सिजन हवेतून वेगळा करायला वीज घाला. चारशे किलो राख वितळवण्यात जी उष्णता जाते ती गॅसमध्ये परत येत नाही. ओडिशातल्या तालचेरच्या खत प्रकल्पात याच प्रकारचा गॅसिफायर घेतलाय आणि राखेवर उपाय म्हणून कोळशात पेटकोक (रिफायनरीत तेलाचा शेवटी उरणारा कोक) मिसळायचं ठरलंय, कारण पेटकोकमध्ये राख नावापुरतीच. उपाय चांगला आहे, पण तो शेजारी पारादीपची रिफायनरी आहे म्हणून जमतो, चंद्रपूरला पेटकोक आणायचा तर रेल्वेचं भाडं आधी मोजा.

दुसरा फिक्स्ड बेड, लुर्गी या जर्मन कंपनीचा. यात कोळशाचे ढेकळं वरून पडतात, खालून वाफ आणि ऑक्सिजन जातो, राख वितळू न देता जाळीवरून कोरडी बाहेर निघते. जास्त राख याला चालते, दक्षिण आफ्रिकेनं त्यांच्या राखेच्या कोळशावर याच जातीच्या गॅसिफायरमधून अख्खा पेट्रोल-डिझेलचा उद्योग उभा केला. आपल्याकडं अंगुलला जिंदालनं याच्याच गॅसवर वर्षाला १८ लाख टन क्षमतेचा स्पंज आयर्न (खनिज न वितळवता त्यातला ऑक्सिजन काढून केलेलं लोखंड) प्लांट चालवून दाखवला. तोटे दोन. एक म्हणजे चुरा चालत नाही आणि आपल्या खुल्या खाणीतून मशिननं काढलेल्या कोळशात चुरा ढीगभर, तो वेगळा करून बॉयलरला किंवा बाहेर विकायला लागतो. दुसरा तोटा टार आणि फिनॉलचं पाणी, त्याचा वास डांबर आणि फिनाइल एकत्र केल्यासारखा, ड्युटीचे कपडे तीनदा धुतले तरी जात नाही, आणि ते पाणी शुद्ध करण्याचा प्लांट हा स्वतःच एक कारखाना असतो. जो कोणी प्रकल्प अहवालात या प्लांटला अर्धं पान देतो त्याचा अहवाल मी पुढं वाचत नाही.

क्लिंकरचंही, म्हणजे राख चिकटून होणाऱ्या दगडांचंही, सांगून ठेवतो. मी ज्या प्लांटला होतो तिथं एका रात्री वाफेचा मीटर जास्त दाखवत होता, प्रत्यक्षात वाफ कमी जात होती, त्यामुळे आतलं तापमान चढलं आणि राख मऊ होऊन एकमेकांना चिकटली. आधी जाळीच्या मोटरचा करंट वाढला, मग ॲश लॉक (खालून राख बाहेर काढायचा कप्पा) उघडलं तर नेहमी धडधडत पडणारी राख पडेचना. बंद करून दोन दिवस थंड केलं, मॅनहोल उघडलं तर आत पाट्याएवढे दगड, घण आणि पहारीनं फोडून काढले. तेव्हापासून मी शिफ्टला येणाऱ्या प्रत्येक पोराला आधी ॲश लॉकचा आवाज ऐकायला शिकवायचो, स्क्रीन नंतर.

तिसरा फ्लुइडाइज्ड बेड. पाच-सहा मिलिमीटरचा चुरा हवेवर किंवा ऑक्सिजनवर उकळल्यासारखा नाचत राहतो, तापमान हजाराच्या आसपास, म्हणजे राख वितळत नाही, टार फारच कमी, चुरा चालतो, राख चालते. कागदावर आपल्या कोळशासाठी हाच जावई शोभतो. अडचण अशी की बारीक राखेबरोबर न जळलेला कार्बन उडून जातो, तो परत आत फिरवावा लागतो, आणि मोठ्या प्रमाणावर, जास्त दाबाखाली, वर्षानुवर्षं चालवल्याचा अनुभव आपल्याकडं कमी. भेलनं तिरुचिरापल्लीला ६.२ मेगावॉटचा प्लांट या पद्धतीवर चालवला, नंतर हैदराबादला राखेच्या कोळशातून दिवसाला पाव टन मिथेनॉल करून दाखवलं, आता कोल इंडियाबरोबर कंपनी काढून ओडिशात लखनपूरला दिवसाला २,००० टन अमोनियम नायट्रेटचा (खाणीतल्या स्फोटकांचा कच्चा माल) प्रकल्प याच देशी तंत्रावर करायचंय. पाव टनापासून दोन हजार टनापर्यंतची ही उडी फार मोठी आहे, आणि ती यशस्वी व्हावी असं मला मनापासून वाटतं, कारण आपल्या कोळशासाठी बाहेरचं कोणी मुद्दाम मशीन बनवणार नाही.

जुना इतिहासही माहीत असू द्या. तालचेर आणि रामागुंडम, दोन्हीकडं १९८० मध्ये कोळशावरचे जुळे युरिया प्लांट सुरू झाले, कॉपर्स-टोट्झेकचे गॅसिफायर, तेही कोळशाचं पीठ उडवणारेच पण साध्या हवेच्या दाबावर चालणारे. ते कधीच धड पूर्ण क्षमतेनं चालले नाहीत आणि १९९९ मध्ये दोन्ही बंद पडले. नंतर दोन्ही पुन्हा उभे करायचं ठरलं, दोन्हीची क्षमता वर्षाला १२.७ लाख टन युरिया. रामागुंडमनं कोळसा सोडून पाइपलाइनचा गॅस घेतला आणि २०२१ मध्ये उत्पादन सुरूही केलं. तालचेरनं कोळसाच धरला, पंतप्रधानांच्या हस्ते सप्टेंबर २०१८ मध्ये पायाभरणी झाली, आणि २०२५ साल उजाडलं तरी बांधकाम चालूच होतं. फक्त युरियाची गोणी लवकर हवी असेल तर गॅस जिंकतो, यात वाद नाही. पण २०२२ मध्ये युक्रेन युद्धानंतर एलएनजीचे भाव कसे भडकले तेही आपण बघितलंय, आणि शेतकऱ्याला ४५ किलोची गोणी अडीचशेच्या आसपासच मिळते म्हटल्यावर मधला सगळा फरक सरकारच्या खिशातून जातो. तालचेर नीट चाललं तर तो फरक निदान डॉलरमध्ये राहणार नाही.

मग बनवायचं काय? स्पंज आयर्नला मी पहिला नंबर देतो, कारण लोखंडाच्या खनिजातला ऑक्सिजन काढायला कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन दोन्ही चालतात, लुर्गीच्या गॅसमधलं मिथेनही फार नडत नाही. म्हणजे जो गॅस आपल्या कोळशातून सहज निघतो तो जवळपास तसाच वापरता येतो. हाच गॅस अमोनियाला न्यायचा तर मिथेन वेगळं काढा किंवा परत फोडा, खर्च वाढला. मिथेनॉलचं स्वप्न मोठं आहे, आसाममध्ये तिनसुकियाला पेट्रोलमध्ये १५ टक्के मिथेनॉल मिसळून पंपावर विकायचा प्रयोग २०२२ मध्ये झाला, पण त्याची स्पर्धा आखाती देशांतल्या स्वस्त गॅसपासून बनलेल्या मिथेनॉलशी आहे आणि तिथं किमतीत टिकणं सोपं नाही. कोळशापासून परत मिथेनच करून पाइपलाइनमध्ये सोडायचं, तसा एक प्रकल्प बंगालमध्ये सोनपूर बाजारीला ठरलाय, मला तो सगळ्यात कमी पटतो, एवढी ऊर्जा घालवून शेवटी जाळायचाच गॅस मिळतो.

आपल्या भागापुरतं विचाराल तर अमोनियम नायट्रेट. नागपूर पट्ट्यात स्फोटकांचे कारखाने, आजूबाजूला वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या) खाणींत रोज ब्लास्टिंग, गिऱ्हाईक पन्नास-शंभर किलोमीटरवर बसलंय, बंदराचं भाडं नाही. भद्रावतीची जमीन नव्वदच्या दशकात वीज प्रकल्पासाठी घेतलेली, तो प्रकल्प आलाच नाही, त्या शेतकऱ्यांचा राग अजून ताजा आहे आणि तो योग्यच आहे, त्यांचा हिशेब आधी चुकता व्हायला पाहिजे.

दोन गोष्टी कुठलाही गॅसिफायर घेतला तरी सुटत नाहीत. पहिली पाणी. वाफ लागते, कूलिंग लागतं, आणि चंद्रपूरचं इरई धरण आधीच औष्णिक केंद्र आणि शहर दोघांना पुरवतंय, मे महिन्यात काय होतं ते इथल्या माणसाला सांगायला नको. दुसरी कार्बन डायऑक्साइड. कोळशापासून अमोनिया केला तर नैसर्गिक वायूपासून करताना निघतो त्याच्या साधारण दुप्पट निघतो. तो धुराड्यात पातळ न होता गॅस धुताना वेगळा, जवळपास शुद्ध मिळतो, त्यामुळे पकडायला सोपा. युरिया केला तर दर टनाला पाऊण टनाच्या आसपास त्यातच खपतो. स्पंज आयर्न आणि नायट्रेटमध्ये तो खपत नाही, तो कुठं नेऊन ठेवायचा याचं उत्तर प्रकल्पवाल्यांकडून लेखी घ्या.

तर भाच्याला सांगितलं ते असं. नोकरी हवी आणि लगेच हात काळे करून शिकायचं असेल तर फिक्स्ड बेड आणि स्पंज आयर्न, चालणारा प्लांट बघायला मिळेल. थांबायची तयारी असेल, घरून पैशाची ओढाताण नसेल, तर फ्लुइडाइज्ड बेड, दहा वर्षांनी त्यातली माणसं शोधून सापडणार नाहीत. एंट्रेन्ड फ्लो प्रोजेक्टला घेऊ नकोस, त्यातलं डिझाइन सगळं परवाना देणाऱ्या कंपनीच्या कुलपात असतं, तुझ्या हाताला काही लागणार नाही. आणि सॉफ्टवेअर उघडायच्या आधी वर्धा खोऱ्यातल्या चार वेगवेगळ्या खाणींचा कोळसा आण, कॉलेजच्या भट्टीत त्याची राख कर, कोन बनव आणि काचेसमोर स्वतः बस.