ट्राय-एक्सवर सुपर ८: बडोद्याच्या उन्हात कितपत चालतं?

कोडॅक ट्राय-एक्स ७२६६, सुपर ८ ची (कार्ट्रिजमध्ये येणारी ८ एमएम मूव्ही फिल्म) ब्लॅक अँड व्हाइट रिव्हर्सल फिल्म. पहिल्यांदाच फिल्मवर शूट करणाऱ्याला सगळे हीच घे म्हणतात, मी पण तेच म्हणेन, पण बडोद्यात राहत असाल तर आधी उन्हाचं गणित समजून घ्या.

कार्ट्रिजमध्ये ५० फूट फिल्म असते. सेकंदाला १८ फ्रेमवर ३ मिनिटं २० सेकंद, २४ वर फक्त अडीच मिनिटं, आणि किंमत बघून घाम फुटतो, वर डेव्हलपिंग, स्कॅनिंग, कुरिअर वेगळंच, त्यामुळे मी १८ वरच चालवतो. लोड करणं मात्र एकदम सोपं, कार्ट्रिज खटकन बसवा, दार लावा, झालं. १९६५ मध्ये सुपर ८ आलं ते यासाठीच, आधीच्या ८ एमएममध्ये रीळ अर्ध्यावर काढून उलटं घालावं लागायचं.

माझा कॅमेरा सेकंडहँड कॅनन ५१४एक्सएल, ५ पट झूम, एफ १.४ लेन्स. यात फिरत्या शटरची उघडी फट मुद्दाम मोठी ठेवलीय, २२० अंशांची, म्हणजे १८ फ्रेमवर प्रत्येक फ्रेमला साधारण १/३० सेकंद उजेड मिळतो. फिल्म उन्हात २०० एएसए (उजेडाला किती संवेदनशील त्याचा आकडा). आता मे महिन्यात भर दुपारी सुरसागरच्या काठावर उभे राहिलात तर हिशोबाने लेन्सचं छिद्र एफ ४० च्या आसपास, म्हणजे अगदी बारीक लागतं, बऱ्याच लेन्स तेवढ्या बंदच होत नाहीत आणि झाल्या तरी चित्र मऊ पडतं. रिव्हर्सल असल्यामुळे जी पट्टी कॅमेऱ्यातून फिरली तीच धुवून पॉझिटिव्ह होते, मध्ये प्रिंट नाही, त्यामुळे पांढरा भाग जळाला तर तिथे परत काही आणता येत नाही. ३ स्टॉपचा, म्हणजे उजेड आठ पट कमी करणारा, एनडी फिल्टर घ्याच, नाहीतर सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर निघा.

आणखी एक, जुन्या कॅमेऱ्यांत आतच नारिंगी फिल्टर असतो, बल्बच्या उजेडासाठी बनलेली रंगीत (टंगस्टन) फिल्म उन्हात वापरण्यासाठी. ब्लॅक अँड व्हाइटला त्याची गरज नाही, बटण बल्बच्या चित्राकडे फिरवलं की तो बाजूला होतो, आत राहिला तर पाऊण स्टॉपच्या जवळपास उजेड खातो. आकाश जरा गडद हवं असेल तर मुद्दाम ठेवा.

कमी उजेडात मात्र हे कॉम्बिनेशन कमाल आहे. दांडिया बाजारातल्या जुन्या वाड्यांची ओसरी, पहाटेचं खंडेराव मार्केट, पावसातलं रावपुरा, अगदी गरब्याच्या मैदानावरचे लाइट्स पण पकडतं. ग्रेन (चित्रातला दाणेदारपणा) भरपूर, मला आवडतो, ज्यांना गुळगुळीत हवंय त्यांनी मोबाइल वापरावा. (दादासाहेब फाळके इथल्या कलाभवनात शिकले, त्यामुळे बडोद्यात मूव्ही कॅमेरा घेऊन फिरताना आपला थोडा हक्क आहे असं वाटतं, बाकी लोक बघतात ते वेगळं.)

धुण्याचं काय? बडोद्यात करून देणारं मला कोणी सापडलं नाही. पण रंगीत निगेटिव्हच्या मागे असायचा तो काळा थर या फिल्मला नाही, म्हणून घरी करणं शक्य आहे. फिल्म धुण्याचा रशियन लोमो टँक शोधा, त्यात ५० फूट मावते. क्रम असा: पहिलं डेव्हलपर, ब्लीच, क्लिअरिंग, परत उजेड दाखवायचा, दुसरं डेव्हलपर, फिक्सर. ब्लीचमध्ये डायक्रोमेट विषारी आहे, परमँगनेट त्यामानाने बरं पण त्याने इमल्शन (फिल्मवरचा चित्राचा थर) मऊ होतं, आणि उन्हाळ्यात आपल्या नळाचं पाणीच कोमट येतं, म्हणून टँक बर्फाच्या पाण्यात ठेवून २० डिग्रीच्या आसपास राखायचं. त्यापेक्षा उत्तरायणच्या थंडीत करा, निम्मा त्रास वाचतो. एवढं सगळं नको असेल तर साध्या डी-७६ डेव्हलपरमध्ये निगेटिव्ह म्हणून धुवा आणि स्कॅनमध्ये उलटं करा, फक्त मग प्रोजेक्टरवर बघता येणार नाही.

फिल्मला पाचपैकी साडेचार, अर्धा किमतीचा कापला. कॅमेरा चार, दुपारच्या उन्हामुळे.

कॅमेरा घेताना सेलच्या खाचेत हिरवट गंज आहे का बघा, ट्रिगर दाबून आवाज एकसारखा येतो का ऐका, लेन्स खिडकीकडे आणि मग अंधाराकडे फिरवून उजेड मोजणाऱ्या मीटरचा काटा हलतो का तपासा. ६० च्या दशकातल्या बऱ्याच मॉडेल्सचं मीटर पाऱ्याच्या १.३५ व्होल्टच्या सेलवर चालायचं, ते आता बनत नाहीत. केमिस्टकडे कानाच्या मशीनचे झिंक-एअर सेल मिळतात त्यावर भागतं, फक्त साइज जुळवून घ्या.